छोटा विज्ञान-उपग्रह: विमानातून, जमिनीवरून, की दुसऱ्याच्या अग्निबाणात जागा घेऊन?

उपग्रह पन्नास किलोचा असो वा साडेतीनशे किलोचा, बांधणाऱ्या संघात एक वाद हमखास होतो: वर न्यायचा कशातून? एकाला स्पेसएक्सच्या अग्निबाणात जागा घ्यायची असते, दुसरा पीएसएलव्हीचं नाव काढतो, आणि तिसऱ्याने पेगॅससचा व्हिडिओ पाहिलेला असतो. विमानाच्या पोटाखालून अग्निबाण सुटतो, पाच सेकंद नुसता खाली पडतो आणि मग पेटून वर झेपावतो. देखणेपणात याची बरोबरी दुसरं काही करत नाही, हे मान्य. पण हा पर्याय कुणी घ्यावा आणि कुणी त्याच्या वाटेलाही जाऊ नये, हे ठरवायला फार वेळ लागत नाही. दरपत्रकं मागवण्याआधी एक आकडा लिहून काढा: तुमच्या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी किती अंशांचा कोन करणार आहे? याला कक्षेचा कल म्हणतात, आणि निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच लागतो.

तुलना तीन पर्यायांची आहे. एक, विमानातून सुटणारा अग्निबाण, म्हणजे व्यवहारात पेगॅसस एक्सएल. दोन, फक्त तुमच्यासाठी घेतलेला जमिनीवरचा छोटा अग्निबाण: रॉकेट लॅबचा इलेक्ट्रॉन, फायरफ्लायचा अल्फा, आपला एसएसएलव्ही. तीन, मोठ्या अग्निबाणात इतरांच्या सोबतीने जागा: स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर मोहिमा किंवा पीएसएलव्ही.

विमान नेमकं काय देतं

पेगॅसस ऑर्बिटल सायन्सेस या अमेरिकी कंपनीने तयार केला. आता तो नॉर्थ्रॉप ग्रमनकडे आहे. पहिलं उड्डाण ५ एप्रिल १९९० रोजी नासाच्या बी-५२ बॉम्बरच्या पंखाखालून झालं. पुढे एअर कॅनडाचं जुनं लॉकहीड एल-१०११ ट्रायस्टार विकत घेऊन त्याचं ‘स्टारगेझर’ केलं. जवळपास १७ मीटर लांब, सव्वा मीटर जाड आणि २३ टन वजनाचा अग्निबाण त्याच्या पोटाखाली टांगतात, समुद्रावर साधारण १२ किलोमीटर उंचीवर नेतात आणि ध्वनीच्या ०.८ पट वेगात असताना सोडतात. तिन्ही टप्पे घन इंधनाचे. पृथ्वीलगतच्या कक्षेत जास्तीत जास्त ४४३ किलो वजन जातं.

आता थोडा हिशोब. ५०० किलोमीटरवरच्या कक्षेत उपग्रहाला सेकंदाला ७.६ किलोमीटर वेग लागतो. विमान त्यातला सुमारे पाव किलोमीटर देतं, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. उंचीचंही तेच: पाचशेपैकी बारा. ‘विमान अर्धं काम करून देतं’ असं कुणी सांगितलं तर त्याला हे दोन आकडे दाखवावेत. थोडा फायदा हवेच्या विरळपणाचा आहे. तिथे दाब समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्शाएवढाच असतो, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो आणि इंजिनाचं नळकांडं पसरट ठेवून त्याच इंधनातून जास्त जोर काढता येतो. फायदा खरा आहे, पण त्यासाठी एक जंबो विमान बाळगावं असा नाही.

खरी देणगी वेगळीच आहे. लांब धावपट्टी आणि मोकळा समुद्र जिथे आहे, तिथे तुमचं प्रक्षेपण केंद्र उभं राहतं. स्पेनने १९९७ मध्ये आपला मिनीसॅट कॅनरी बेटांवरून उडालेल्या पेगॅससमधून वर पाठवला. श्रीहरिकोट्याला हे स्वातंत्र्य नाही. ध्रुवीय कक्षेकडे सरळ दक्षिणेला निघालं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून पीएसएलव्ही वळसा घालून जातो आणि त्यात इंधन खर्ची पडतं. विमानाला असा शेजार टाळून हवी ती दिशा धरता येते.

वळसा घेऊन पुन्हा येण्याची सोयही कधी कधी कामी येते. १० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री नासाचा आयकॉन हा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, अभ्यास करणारा उपग्रह घेऊन स्टारगेझर फ्लोरिडाच्या किनाऱ्यापलीकडे ठरलेल्या पट्ट्यात पोचलं, आणि ऐन वेळी जमिनीशी बोलणं तुटलं. सोडण्याची वेळ हुकली. वैमानिकांनी गोल वळसा घेतला, पट्ट्यात पुन्हा शिरले आणि रात्री ९ वाजून ५९ मिनिटांनी अग्निबाण सोडला. ‘ढगांच्या वर गेलं की हवामानाची चिंता नाही’ ही जाहिरात मात्र जपून घ्यावी. याच आयकॉनचं उड्डाण आदल्या दिवशी हवामानामुळेच पुढे ढकललं होतं, कारण विमानालाही धावपट्टीवरून उठावं लागतं. शिवाय विमान म्हणजे बिघडू शकणारं आणखी एक यंत्र. डिसेंबर २०१६ मध्ये नासाच्या सायग्नस या वादळांवरच्या मोहिमेचे आठ उपग्रह तीन दिवस अडकले, त्याची सुरुवात अग्निबाण सोडणाऱ्या यंत्रणेच्या हायड्रॉलिक पंपापासून झाली होती.

सगळा खेळ कलाचा

दक्षिण अटलांटिकवर, ब्राझीलच्या बाजूला, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं आहे. किरणोत्सारी पट्ट्यांतले कण तिथे बरेच खाली उतरतात. क्ष-किरण मोजणारा उपग्रह त्या भागातून गेला की उपकरणात नुसता गोंगाट भरतो आणि निरीक्षण थांबवावं लागतं. विषुववृत्ताला चिकटून फिरलं तर हा भाग बराचसा टळतो. म्हणून अशा दुर्बिणींना कमी कलाची कक्षा हवी असते.

इथे विमानाची बाजू भक्कम होते. फ्लोरिडाचं केंद्र २८.५ अंश उत्तरेला आहे. तिथून सरळ पूर्वेला उडालात तर कक्षेचा कलही २८.५ अंश मिळतो, त्याहून कमी आपसूक मिळत नाही. कक्षेत पोचल्यावर तो शून्यावर आणायचा तर सेकंदाला सुमारे ३.७ किलोमीटरचा आणखी जोर लागतो, म्हणजे कक्षेच्या वेगाच्या जवळपास निम्मा. छोट्या अग्निबाणाला ते झेपत नाही. विमान मात्र अग्निबाणच विषुववृत्ताजवळ घेऊन जातं. न्यूस्टार ही क्ष-किरण दुर्बीण १३ जून २०१२ रोजी मार्शल बेटांतल्या क्वाजालीनच्या दक्षिणेला समुद्रावर सोडली गेली आणि थेट ६ अंशांच्या कक्षेत गेली. पेगॅससचं नाक अरुंद, म्हणून तिचा दहा मीटरचा दांडा घडी करून ठेवला होता आणि वर गेल्यावर उलगडला. विमान निवडलं की उपग्रहाच्या रचनेवर असा दाब येतो, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट, क्ष-किरणांतून आकाश पाहणारा उपग्रह, ज्याच्या उपकरणांत मुंबईच्या टीआयएफआरचा आणि पुण्याच्या आयुकाचा मोठा हात आहे, २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने त्याच ६ अंशांच्या कक्षेत गेला. वजन दीड टन, आणि विमान कुठेच नाही. श्रीहरिकोटा पावणेचौदा अंशांवर आहे, त्यामुळे ६ अंशांवर उतरायला लागणारा जोर फ्लोरिडाच्या तुलनेत फार कमी, आणि पीएसएलव्हीला तो परवडतो. १ जानेवारी २०२४ ला इस्रोचा एक्सपोसॅट हा क्ष-किरण उपग्रहही तसाच गेला. अमेरिकनांना विमानाची गरज का पडली आणि आपल्याला का नाही, याचं निम्मं उत्तर नकाशावर आहे.

उरलेलं अर्धं उत्तर नासाच्या आयएक्सपीई या उपग्रहाने दिलं. एक्सपोसॅटसारखंच, क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजण्याचं काम. वजन सुमारे ३३० किलो. तो पेगॅससमध्ये मावेल अशा बेताने आखला होता. पण नासाने कंत्राट फाल्कन ९ ला दिलं, आणि ९ डिसेंबर २०२१ रोजी फ्लोरिडातून उडून त्या प्रचंड अग्निबाणाने या एका उपग्रहासाठी कल वरच्या वर फिरवून जवळजवळ शून्यावर आणला. कंत्राट ५ कोटी ३ लाख डॉलरचं. आयकॉनसाठी पेगॅससचं कंत्राट ५ कोटी ६३ लाखांचं होतं. म्हणजे पेगॅससच्या हक्काच्या कामात, पन्नासपट वजन उचलू शकणारा अग्निबाण वापरला गेला, तोही कमी पैशात. माझ्या मते विमानाच्या पर्यायाचं भवितव्य ठरवणारा क्षण कुठला असेल, तर हाच.

तुम्हाला सूर्य-समकालिक ध्रुवीय कक्षा (प्रत्येक ठिकाणावरून साधारण त्याच स्थानिक वेळी नेणारी) हवी असेल तर विमानाचा विचारच सोडा. नासाने २०१३ मध्ये आयरिस हा सूर्याचा अभ्यास करणारा उपग्रह पेगॅससने तिथे पाठवला होता, पण तेव्हा त्या वजनाला पर्याय थोडे होते. आज ट्रान्सपोर्टर त्याच कक्षेत वर्षातून अनेकदा जातं.

पैसा

पेगॅससचा जन्म स्वस्ताईच्या वचनावर झाला होता. प्रत्यक्षात घन इंधनाचे तीन टप्पे, ते टांगायचं खास विमान, त्याचे वैमानिक, देखभाल, आणि वर्षाला एखादं किंवा तेवढंही नसलेलं गिऱ्हाईक. हा सगळा बोजा एकेका उड्डाणावर पडत गेला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या स्पेस फोर्सने २ कोटी ८१ लाख डॉलरमध्ये पेगॅसस उडवला, पण तो अग्निबाण स्ट्रॅटोलॉन्च या दुसऱ्या कंपनीने आधी विकत घेऊन परत केलेल्यांपैकी होता. तो भाव तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका.

समोर इलेक्ट्रॉन ठेवून पाहा. उष्णकटिबंधीय वादळांचा अभ्यास करणारे ट्रॉपिक्सचे चार छोटे उपग्रह मे २०२३ मध्ये न्यूझीलंडहून दोन इलेक्ट्रॉननी गेले. दोन्ही उड्डाणांचं मिळून कंत्राट १ कोटी ३० लाख डॉलरच्या आत. वादळांवरच काम करणारे सायग्नसचे आठ उपग्रह मात्र पेगॅससने गेले होते, आणि एका उड्डाणात आठही ३५ अंशांच्या कक्षेत पसरले. सायग्नसचे उपग्रह प्रत्येकी तीसेक किलोचे, ट्रॉपिक्सचे त्याहून कितीतरी हलके. म्हणून ही तुलना काटेकोर नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं.

जागा भाड्याने घेण्याचा दर तर वेगळ्याच पातळीवर आहे. ट्रान्सपोर्टर सेवा सुरू झाली तेव्हा २०० किलोपर्यंत १० लाख डॉलर असा भाव होता. तो दरवर्षी चढतोय, तरी बाकी दोघांच्या जवळपासही येत नाही. अडचण वडापच्या जीपची आहे: भाडं थोडं, पण ती फाट्यावर सोडते, घरापर्यंत येत नाही. ट्रान्सपोर्टर ५००-६०० किलोमीटरवर सूर्य-समकालिक कक्षेत सोडेल, २०२४ पासूनच्या बँडवॅगन मोहिमा ४५ अंशांच्या आसपास. पुढची उंची तुमच्या उपग्रहाने स्वतःच्या इंजिनाने गाठायची. कल बदलणं मात्र छोट्या उपग्रहाच्या आवाक्याबाहेरचं. तुमचं विज्ञान त्या फाट्यावर भागत असेल तर बाकी काही वाचायची गरज नाही, जागा आरक्षित करा.

घाई असेल तर

विमानवाल्यांचा दुसरा दावा तत्परतेचा. जून २०२१ च्या त्याच मोहिमेत स्पेस फोर्सने हुकूम दिल्यापासून २१ दिवसांत पेगॅसस उडाला, आणि तेव्हा ते कौतुकाचंच होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये फायरफ्लायच्या अल्फाने कॅलिफोर्नियाच्या साध्या जमिनीवरच्या तळावरून हुकमानंतर २७ तासांत उड्डाण केलं. तत्परता तयारीत असते, विमानात नसते. विज्ञान-उपग्रहाला असा हुकूम कुणी देतही नाही. तुमची खरी वाट पाहणी वेगळी. आयकॉन २०१७ च्या अखेरीस उडायचा होता. २०१८ च्या जूनमध्ये विमान त्याला घेऊन क्वाजालीनकडे निघालं, वाटेत अग्निबाणाच्या नोंदींत गडबड दिसली आणि हवाईहूनच परत फिरावं लागलं. प्रत्यक्ष उड्डाण २०१९ च्या ऑक्टोबरात. या काळात संघाचे पगार, बॅटऱ्यांची निगा, स्वच्छ खोलीचं भाडं, सगळं चालूच राहतं. हा खर्च कुठल्याच दरपत्रकात नसतो.

उपग्रहाच्या अंगावर काय येतं

यावर संघांत पुरेसं बोललं जात नाही. पेगॅससमध्ये उपग्रह आडवा बसवतात आणि आडवाच नेतात. विमानाच्या पोटाला टांगलेला लांबलचक अग्निबाण स्वतःच्या वजनाने किंचित वाकलेला असतो. हूक सुटले की ते वाकणं एकदम मोकळं होतं आणि टोकाला असलेल्या उपग्रहाला आडवा हिसका बसतो. उभ्या अग्निबाणासाठी तपासलेली रचना इथे जशीच्या तशी चालेल असं नाही, कंपनचाचण्या वेगळ्या आखाव्या लागतात. त्यात क्वाजालीनला जायचं तर उपग्रह अग्निबाणासकट पॅसिफिक ओलांडतो, वाटेत थांबे घेत, आणि तोवर त्याला कोरड्या, गार हवेत राखावं लागतं. दुसऱ्याच्या अग्निबाणात जागा घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी: तुमच्यामुळे मुख्य प्रवाशाला धोका नाही, हे कागदोपत्री आणि चाचण्यांनी सिद्ध करण्यात महिने जातात.

भरवसा कुणाचा

पेगॅससची सुरुवातीची वर्षं खडतर होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये तर दोन उपग्रह कक्षेत पोचूनही अग्निबाणापासून सुटलेच नाहीत. पण १९९७ पासून २०२१ पर्यंतच्या सगळ्या उपग्रह-मोहिमा यशस्वी झाल्या. अग्निबाण भरवशाचा आहे, धंदा नाही. त्याला नेणारं विमान एकच, आणि ते जगात उडत असलेलं शेवटचं एल-१०११ आहे. सुट्या भागांचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

व्हर्जिन ऑर्बिटचं उदाहरण याहून बोलकं. बोइंग ७४७ च्या पंखाखालून सुटणारा द्रव इंधनाचा अग्निबाण, किंमत पेगॅससपेक्षा पुष्कळ कमी. सहापैकी चार उड्डाणं यशस्वी. ९ जानेवारी २०२३ ला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून उडाले, दुसऱ्या टप्प्यातली इंधनाची गाळणी जागची हलली, इंजिन तापून बंद पडलं आणि नऊ उपग्रह नष्ट झाले. एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत, आणि विमान १ कोटी ७० लाख डॉलरला स्ट्रॅटोलॉन्चने घेतलं. ज्यांनी पुढच्या उड्डाणांवर विसंबून उपग्रह आखले होते, त्यांना नव्याने गाडी शोधावी लागली. जमिनीवरचे स्वस्त अग्निबाणही धुतल्या तांदळाचे नाहीत. ट्रॉपिक्सचे पहिले दोन उपग्रह जून २०२२ मध्ये अ‍ॅस्ट्राच्या अग्निबाणाबरोबर नष्ट झाले, म्हणून तर बाकीचे इलेक्ट्रॉनकडे आले.

मग पेगॅससला आज कुणी विचारतं का? विचारतं. नासाची स्विफ्ट दुर्बीण २००४ पासून २०.६ अंशांच्या कक्षेत आहे आणि सूर्याच्या वाढत्या सक्रियतेमुळे झपाट्याने खाली येतेय. तिला वर ढकलण्यासाठी यंत्रमानव-यान पाठवण्याचं काम कॅटलिस्ट या कंपनीकडे आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तिने पेगॅसस निवडल्याचं जाहीर केलं. कमी कल, थोडं वजन, हातात वेळ नाही आणि एकाच यानाला पूर्ण गाडी हवी. या चारही अटी एकत्र आल्या तर मीही विमानाकडेच बोट दाखवेन. तीनच असतील तर नाही.

आपल्याकडच्या संघांसाठी

सीओईपीचा १ किलोचा स्वयम् जून २०१६ मध्ये आणि आयआयटी मुंबईचा १० किलोचा प्रथम त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, दोन्ही पीएसएलव्हीने गेले. प्रथमचं काम आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजण्याचं, म्हणजे आयकॉनच्याच अंगणातलं. त्याला मिळाली ध्रुवीय कक्षा, कारण गाडी तिकडे चालली होती. विद्यार्थी-संघाने तेच करावं: आधी गाडी कुठे जाते ते पाहावं आणि त्या कक्षेत जमेल असा प्रश्न निवडावा. ज्यांच्याकडे कोट्यवधी डॉलर आहेत, त्यांनी प्रश्न आधी निवडावा.

पीएसएलव्हीचं सध्याचं चित्र मात्र डोळ्याआड करू नका. मे २०२५ मधली सी-६१ आणि जानेवारी २०२६ मधली सी-६२, लागोपाठच्या दोन मोहिमा तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने वाया गेल्या. एसएसएलव्ही ५०० किलोमीटरवर ५०० किलो नेतो. ऑगस्ट २०२२ चं पहिलं उड्डाण संवेदकांच्या गोंधळात फसलं आणि शाळकरी मुलींनी बनवलेला आझादीसॅट त्यात वाया गेला. नंतरची दोन्ही उड्डाणं नीट झाली. शंभर ते चारशे किलोच्या भारतीय विज्ञान-उपग्रहाने पेगॅससआधी याचं दरपत्रक मागवावं. परदेशी गाडी घेतली तरी इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ-नियामक संस्थेची परवानगी आणि रेडिओ लहरींची नोंदणी चुकत नाही. ते काम पहिल्या महिन्यातच सुरू करा.

आणि तुमच्याकडे एखादं उपकरणच असेल, त्याच्याभोवती अख्खा उपग्रह उभारायची हौस नसेल, तर पोएम पाहा. पीएसएलव्हीचा काम संपलेला चौथा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग चालवतात. वीज, दिशा आणि संदेशवहन इस्रोकडून. एक्सपोसॅट सोडल्यावर उरलेल्या टप्प्यावर नऊ प्रयोग होते, तर डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर चोवीस. त्या नऊ प्रयोगांचा टप्पा ३५० किलोमीटरवर आणला होता आणि २१ मार्च २०२४ ला तो वातावरणात शिरून संपला, म्हणजे हातात मिळाले तीन महिन्यांहून थोडे कमी दिवस. अख्ख्या पावसाळ्याची नोंद हवी असेल तर ते पुरणार नाहीत. संवेदक वर गेल्यावर चालतो की नाही, एवढंच पाहायचं असेल तर भरपूर झाले.